स्टर्नड्राइव्ह बोट पळवली की तापते, ट्रेलरचं चाकही तापतं. काय काय तपासू?

वैनगंगाकाठ

मंडळी, नमस्कार. इथे गाड्यांवर पुष्कळ धागे आहेत, बोटीवर एकही सापडला नाही, म्हणून नवा काढतोय.

गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरजवळ माझ्या मामांचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. त्यांनी यंदा अलिबागकडून एक जुनी अठरा फुटी बोट घेतली. स्टर्नड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिन बोटीच्या आत अगदी मागे, आणि पंखा असलेला पाय, म्हणजे ड्राइव्ह, बाहेर. मर्क्रूझर कंपनीचं तीन लिटर इंजिन, चार सिलिंडर, कार्ब्युरेटरवालं, अल्फा वन ड्राइव्ह, पॉवर स्टिअरिंगसह. समृद्धीवरून ट्रेलरवर ओढत आणली. सध्या नागपुरात आमच्या प्लॉटवर उभी आहे, शनिवार-रविवार पाण्यात नेतो. तक्रारी अशा:

१. हळू चालवली तर काटा जागेवर राहतो. थ्रॉटल पुढे करून बोट पाण्यावर उचलली की थोड्याच वेळात तापमान चढतं आणि भोंगा वाजतो. हळू केली की उतरतं.

२. वळवताना मागून घरघर ऐकू येते. सरळ जाताना बरीच कमी.

३. ट्रेलरचं डावं चाक तापतं. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालंय.

विकणाऱ्याने ‘पाण्याच्या पंपाचं इम्पेलर नवीन टाकलंय’ असं सांगितलं होतं (इम्पेलर म्हणजे पाणी ढकलणारं रबरी पाकळ्यांचं चाक). इथल्या एका मेकॅनिकला दाखवलं तर तो म्हणाला, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की उघडणारी झडप, काढून फेका. फेकू का? दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येणार आहेत, त्याआधी मामांना बोट तयार हवी आहे.

तर्रीपोहे

पहिले हे सांग भाऊ, बुडातला प्लग लावून पाण्यात टाकते ना? बाकीचं मग पाहू.

वैनगंगाकाठ

हो, लावतो. किल्लीच्या जुडग्यातच अडकवून ठेवलाय, म्हणजे प्लग लावल्याशिवाय किल्ली हातात येत नाही.

स्पॅनर१४

माझं हिंगणा रोडला गॅरेज आहे. बोट नाही केली कधी, पण हे तीन लिटरचं इंजिन मुळात जनरल मोटर्सचं आहे. पुशरॉड, ओतीव लोखंडी ब्लॉक, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. यात घाबरण्यासारखं काही नाही, कुठलाही जुना मेकॅनिक टॅपेट आणि टायमिंग डोळे मिटून करेल. उन्हाळ्यात आपण अँबेसेडरचे थर्मोस्टॅट काढतच होतो की. काढून एक चक्कर मारा. तापली नाही तर थर्मोस्टॅटच खराब.

नांगर_टाका

नका काढू. निदान आत्ता नको.

कारमध्ये पाणी रेडिएटरमधून फिरत राहतं. इथे रेडिएटर नाहीच. ड्राइव्हच्या खालच्या भागाला दोन्ही बाजूंनी फटी असतात, तिथून तलावाचं पाणी आत ओढलं जातं, अल्फामध्ये पायातच बसवलेला रबरी इम्पेलर ते वर ढकलतो, ते इंजिनात फिरतं आणि एक्झॉस्टच्या धुराबरोबर बाहेर पडतं. हळू चालताना इंजिनाला थोडं पाणी पुरतं, भार आला की पुरत नाही. तुमची तक्रार ‘वेग वाढला की तापते’ ही आहे, म्हणजे पाण्याचा पुरवठा कमी पडतोय असं आधी धरायचं. थर्मोस्टॅट काढल्याने पंप जास्त पाणी ओढत नाही. उलट इंजिन थंडच राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं.

आणि बदलायचा झाला तर कारचा आणून बसवू नका. कारचे साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतात. या इंजिनांत १६० फॅरनहाइटचा असतो, म्हणजे ७१ सेल्सियसच्या आसपास. जुन्यांत १४० चा.

आता या क्रमाने बघा. काटा खरं बोलतोय का, ते आधी. इन्फ्रारेड तापमापक आणा, कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. बोट पळवून भोंगा वाजला की थर्मोस्टॅटचं घर आणि एक्झॉस्टचा एल्बो (वळलेला पाइप), दोन्हीकडे रोखून आकडा लिहून घ्या. दोन्ही थंड असतील तर सेन्सर किंवा अर्थिंगचा दोष आहे. दोन्ही तापले असतील तर पाणी कमी आहे. एल्बोच तेवढा भाजत असेल तर एक्झॉस्टचा पाण्याचा मार्ग बुजलाय. तुमची बोट समुद्रातली आहे आणि खाऱ्या पाण्यात पाच-सात वर्षांत मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा भाग) आणि एल्बो आतून गंजून भरतात, तेव्हा ती शक्यता डोक्यात ठेवा.

मग इम्पेलर. विकणाऱ्याचं सोडा, स्वतः उघडून पाहा.

मुठाकाठ

‘विकणाऱ्याने सांगितलं’ हे वाक्य वाचून पुण्यात बसून हसलो. वाचतोय. पुढचे भाग लवकर येऊ द्यात.

चिंतामणी

अवांतर आहे, क्षमस्व. ही अर्धं आत, अर्धं बाहेर अशी विचित्र रचना मुळात केली कोणी? पूर्ण आतलं इंजिन किंवा पूर्ण बाहेरचं, दोन्ही समजतं.

नांगर_टाका

काका, व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ‘अॅक्वामॅटिक’ नावाने बाजारात आणली. कल्पना जिम विन या अमेरिकन अभियंत्याची, तो आधी मर्क्युरीमध्ये होता. फायदा असा की मोटारीचं मोठं, स्वस्त, फोर-स्ट्रोक इंजिन वापरता येतं आणि तरी पाय वर उचलून बोट उथळ पाण्यात नेता येते, ट्रेलरवर चढवता येते. तोटा असा की बोटीच्या मागच्या भिंतीला मोठं भोक पडतं आणि ते रबरी बेलोजच्या, म्हणजे घड्या असलेल्या नळीच्या, भरवशावर बंद ठेवावं लागतं.

त्यावरून वैनगंगाकाठ यांचा दुसरा मुद्दा. वळताना घरघर. इंजिनातून ड्राइव्हकडे जाणारा शाफ्ट ट्रान्सममधल्या, म्हणजे त्या मागच्या भिंतीतल्या, गिंबल बेअरिंगमधून जातो आणि पुढे त्याला क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, असतात. वळवलं की क्रॉस कोनात जातात. बेअरिंग गंजलं असेल तर घरघर करतं, क्रॉस सैल असतील तर कटकट. दोन्हींवर एकच रबरी बेलोज असतं. ते फाटलं की पाणी आत, ग्रीस धुतलं गेलं, बेअरिंग संपलं. आणि बोट पाण्यातच उभी असेल तर त्याच फटीतून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या बुडाशी, पाणी येत राहतं. अशा बोटी धक्क्याला बांधलेल्या जागी बुडालेल्या पाहिल्या आहेत.

आज रात्री एवढंच करा: ड्राइव्ह पूर्ण वर उचला, टॉर्च घ्या आणि बेलोजच्या घड्या बोटांनी उघडून तळाशी पाहा. भेगा नेहमी घडीच्या खाचेत पडतात, वरून दिसत नाहीत. पायाखाली काम करताना ड्राइव्हला लाकडी ठोकळ्याचा आधार द्या, हायड्रॉलिकवर विसंबू नका.

वाडीवाला

ट्रेलरचं मी सांगतो जी. अमरावती रोडला वाडीत आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, हब-बेअरिंग रोजचंच.

रिमच्या आतून ग्रीस उडून राहिलं म्हणजे मागचं ऑइल सील गेलं, त्यात दुसरा विचारच नाही. पण बोटीच्या ट्रेलरचं एक वेगळं आहे, जे आमच्या ट्रकले होत नाही. तुम्ही नागपुराहून उन्हात साठ-सत्तर किलोमीटर ओढत नेता, हब तापते, आतली हवा फुगते. अन् पोचल्याबरोबर तसंच थंड पाण्यात उतरवता. हवा एकदम आकसते अन् सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. मग ते पाणी अन् ग्रीस मिळून बेअरिंग खाते. तर घाटावर गेल्यावर घाई करू नका. आधी सामान चढवा, बेल्ट सोडा, लाइफ जॅकेट वाटा, चहा घ्या. हबवर हात ठेवता आला की मग उतरवा.

बेअरिंग घ्यायला जाताना ‘बोटीचं बेअरिंग द्या’ म्हणाल तर इतवारीतला दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. जुनं काढा, पुसा, रिंगेवर नंबर कोरलेला असते तो सांगा. ट्रेलर बाहेरून आलेलं असन तर बहुतेक एल४४६४९ बाहेरचं अन् एल६८१४९ आतलं निघते. इथंच बनवलेलं असन तर टेम्पोचं हब टाकलेलं राहते, मग अजून सोपं.

बसवताना साध्या चासिस ग्रीसच्या भानगडीत पडू नका, पाण्यात टिकणारं ग्रीस घ्या. तळहातावर घेऊन बेअरिंगच्या जाड बाजूने दाबत राहा, रोलरच्या मधून वर आलं पाहिजे. नट घट्ट करून चाक फिरवा म्हणजे बेअरिंग बसते, मग नट सैल करून बोटाने लावा, अन् स्प्लिट पिन नवीनच टाका. जुनी सरळ करून घालणारे पाहिले की माझं डोकं फिरते.

मीनल_क

वाडीवाला भाऊंना +१. ट्रेलरचे दिवे पण पाहून घ्या. पाण्यात उतरवायच्या आधी गाडी आणि ट्रेलरमधलं कनेक्टर काढायचंच. तापलेला फिलामेंटवाला बल्ब पाण्यात गेला की फुटतो. शक्यतो सीलबंद एलईडी बसवा. आणि इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट मंद लुकलुकतो, असलं काही भुताटकीसारखं होत असेल तर वायर बदलत बसू नका, दहापैकी नऊ वेळा अर्थिंग असतं. हिचच्या गोळ्यातून (गाडीला ट्रेलर जोडतात तो) अर्थिंग मिळेल असं धरून केलेलं वायरिंग ग्रीस लावलं की बंद पडतं. अर्थची स्वतंत्र पांढरी वायर शेवटच्या दिव्यापर्यंत न्या.

स्पॅनर१४

@नांगर_टाका, थर्मोस्टॅटचं पटलं. पण सुटे भाग कारचे नकोत, बोटीचेच हवेत, म्हणजे मुंबईहूनच मागवायचे, हे मला खटकतं. स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर इथे निम्म्याहून कमी पैशात रिपेअर किंवा कारचा मिळतो. बोल्ट जुळले, फिरण्याची दिशा जुळली, की काम झालं.

नांगर_टाका

काम झालं, आणि एखाद्या दिवशी बोटीचंही काम होईल.

रागावू नका, पण हा मुद्दा नीट समजून घ्या. कारमध्ये गळलेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं, वाफ वाऱ्यावर जाते. बोटीत इंजिन बंद डब्यात आहे, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बुडाशी साचून बसते. बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर आतली ठिणगी बाहेर येणार नाही असे बनवलेले असतात. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल बाहेर न सांडता आतच, घशात जातं. कारचे भाग यातलं काही करत नाहीत. दिसायला सारखे असतात, म्हणूनच धोकादायक.

स्टार्ट करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या डब्यातली हवा बाहेर काढणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवायचा आणि झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. पेट्रोल भरल्यावर तर हमखास.

पॅकिंग, बेअरिंग, फिल्टर, ऑइल, बेल्ट यांत तुमचं म्हणणं बरोबर आहे. नंबर जुळवून स्थानिक घ्या, काही बिघडत नाही.

स्पॅनर१४

ठिणगीचा विचार केला नव्हता खरा. अल्टरनेटर मी उघडून ब्रश बदलून देईन, जाळीवाला कारचा देणार नाही. पण वैनगंगाकाठ, इंजिनाच्या कामासाठी मुंबईला जायची गरज नाही हे मी अजूनही म्हणेन. कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर साफ करणं, टायमिंग, या गोष्टींसाठी बोट माझ्याकडे आणा.

तर्रीपोहे

हिंगणा रोडवर बोट घेऊन गेला तर पोट्टे पूर आला समजतीन. सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाचं पाणी घरात घुसलं तवा खरंच असती एखादी तर कामी आली असती बाप्पा.

चिंतामणी

त्या रात्रीची आठवण नको. आमच्या गल्लीत एनडीआरएफची रबरी बोट आली होती.

वैनगंगाकाठ

खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे. या रविवारचा अहवाल:

तापमापकाने पाहिलं. भोंगा वाजला तेव्हा थर्मोस्टॅटचं घर आणि एल्बो दोन्ही तापलेले होते, म्हणजे काट्याचा दोष नाही. पाणीच कमी. बाहेरच्या फटींमध्ये जलपर्णीची मुळं अडकलेली होती, ती काढली, थोडा फरक पडला, पण पुन्हा तापली. आमच्याकडे जलपर्णी भयंकर आहे. नाग नदीतून शहराचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तिथून धरणात येतं, तिला खतपाणी भरपूर.

बेलोज: घडीत भेग आहे. नख आत जातं.

आता ड्राइव्ह खाली उतरवायचा आहे. इम्पेलर आणि बेअरिंग दोन्ही एकदमच करू. काही सूचना?

नांगर_टाका

भेग सापडली ते बरं झालं. तोवर बोट पाण्यात बांधून ठेवू नका.

अल्फा काढताना कंट्रोलचा दांडा फॉरवर्ड गिअरमध्ये हवा, नाहीतर शिफ्टची जोडणी अडते. पायातलं गिअर ऑइल आधी काढा, खालचा स्क्रू आणि मग वरचा. रंग पाहा. ताकासारखं पांढरट आलं तर पाणी शिरतंय, सील बदलावी लागतील. काळं पण स्वच्छ असेल तर काळजी नाही. खालच्या स्क्रूला लोहचुंबक असतो, त्यावर पीठासारखी बारीक पूड चालते, टोचणारे तुकडे चालत नाहीत. भरताना नेहमी खालून पंपाने भरा, वरच्या भोकातून यायला लागेपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

ट्रिमच्या (ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या) सिलिंडरच्या पिना काढा, मग बेल हाउसिंगचे सहा नट. ड्राइव्ह जड आहे, दोघांनी धरा किंवा चेन ब्लॉक लावा. बाहेर आल्यावर गिंबल बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली की बदला. नवीन बसवताना त्याच्या ग्रीसच्या भोकाची दिशा बाहेरच्या निप्पलच्या वाटेशी जुळली पाहिजे, नाहीतर पुढे कितीही ग्रीस मारलं तरी पोचणार नाही.

ड्राइव्ह परत लावण्याआधी अलाइनमेंट बार घालून पाहायचा. बेअरिंगमधून कपलरच्या (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) दातांत दोन बोटांच्या जोराने सरकला पाहिजे. अडला तर इंजिनाचे पुढचे माउंट वर-खाली करायचे. हा टप्पा टाळला की नवीन बेअरिंग आणि कपलर दोन्ही लवकर जातात. बार भाड्याने मिळत नसेल तर मापं घेऊन हिंगणा एमआयडीसीत एखाद्या लेथवाल्याकडून बनवून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुना इम्पेलर निघाला की त्याच्या पाकळ्या मोजा. नवीन असेल तरीसुद्धा.

मुठाकाठ

नवीन असेल तरीसुद्धा? हे कोडं आहे का?

नांगर_टाका

उत्तर इम्पेलर हातात आल्यावर.

वऱ्हाडी_ठसका

धाग्यात घुसखोरी करतोय. माझ्या मित्राची अशीच बोट, किल्ली फिरवली की नुसती टक् आवाज. बॅटरी नवीन. त्याला काय सांगू?

मीनल_क

कंट्रोल खरोखर न्यूट्रलला आहे का ते आधी, तिथे सेफ्टी स्विच असतो. दांडा जरा पुढे-मागे हलवत किल्ली फिरवून बघा. मग बॅटरीची आणि इंजिनावरची, दोन्ही टोकं उघडून घासा. नवीन बॅटरीला जुनं गंजलेलं टर्मिनल लावलेलं असतं बहुतेकदा. टक् आवाज येतोय म्हणजे छोट्या सोलेनॉइडपर्यंत वीज पोचतेय. किल्ली धरून ठेवून स्टार्टरच्या जाड टर्मिनलवर मीटर लावा. व्होल्टेज आहे आणि फिरत नाही तर स्टार्टर. व्होल्टेजच कोसळतंय तर केबल. सगळंच मेलेलं असेल, डॅशबोर्डसुद्धा, तर इंजिनावर लाल बटणाचा पन्नास अँपिअरचा ब्रेकर असतो, तो दाबा. यातलं काहीही करण्याआधी झाकण उघडं आणि ब्लोअर चालू.

वऱ्हाडी_ठसका

दोष टर्मिनलचाच निघाला! ताई, धन्यवाद. तो तुम्हाला संत्रा बर्फी पाठवतो म्हणतोय.

घाटावरचा

एक विचारायचं होतं. यूट्यूबवर सगळे अमेरिकन लोक हिवाळ्याआधी इंजिनात गुलाबी अँटिफ्रीझ भरताना दिसतात. नागपूरची थंडी काही कमी नसते, आपण काय करायचं?

तर्रीपोहे

आपल्याकडं हिवाळ्यात फक्त माणसं गोठते, तेही सकाळी शाळेत जातानी.

नांगर_टाका

नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता, तरी शून्याच्या वरच. ब्लॉकमधलं पाणी गोठून लोखंड फुटायची भीती तुमच्याकडे नाही, गुलाबी पाण्याचे पैसे वाचवा. ब्लॉक आणि मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग मात्र वर्षातून एकदा उघडा. धरणाचा गाळ तिथेच साचतो. पाणी आलं नाही तर आत तारेने टोचा.

तुमचा शत्रू उन्हाळा आहे. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होते. त्या उन्हात उघड्यावर उभ्या बोटीच्या बॅटरीचं पाणी आटतं, ट्रेलरचे टायर उभ्या उभ्या भेगाळतात, बेलोजचं रबर कडक होतं. सावलीत ठेवा, ड्राइव्ह पूर्ण खाली सोडून ठेवा. बेलोजवर ताण राहत नाही आणि आतलं पाणी निथळतं. रस्त्यावर नेताना तेवढा वर. टायरला नक्षी किती शिल्लक आहे यापेक्षा वय पाहा. बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

वाडीवाला

टायरचं बरोबर बोलले. समृद्धीचं काँक्रीट दुपारी तव्यावाणी तापते अन् हवा कमी असन तर ट्रेलरचं टायर पहिले जाते. मागून बोट डोलत राहिली, शेपटी हलवत राहिली, तर वजन मागे जास्त आहे. हिचच्या गोळ्यावर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार पाहिजे. टाकीत पेट्रोल, मागे बर्फाची पेटी, असं सगळं मागेच भरून ठेवलं की डोलणारच. डोलली तर जोरात ब्रेक मारू नका, पाय हळूच उचला.

चिंतामणी

पेट्रोलचं निघालंच आहे तर विचारतो. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. बोटीला चालतं का?

स्पॅनर१४

माझ्याकडे रोज एक तरी गाडी यावरून भांडत येते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे रबरी पाइप मऊ होतात, डायफ्रॅम जातं. माझं मत स्पष्ट आहे, हे जुन्या...

हिरवा_चष्मा

पुन्हा तेच. शेतकऱ्याला पैसे मिळतात, आयात वाचते, आणि कार्ब्युरेटरच्या गाड्या राहिल्यात किती?

संपादक

इथेनॉलच्या धोरणावर तीन धागे आधीच चालू आहेत. त्यावरचे पुढचे सहा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे बोटीपुरतंच लिहावे ही विनंती.

नांगर_टाका

बोटीपुरतं: बोटीच्या इंजिनांचे बहुतेक उत्पादक दहा टक्क्यांपर्यंतच हमी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. बोटीच्या टाकीला हवेचं तोंड उघडं असतं आणि ती आठवडेच्या आठवडे उभी असते. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पाइप तळातूनच ओढतो. उपाय: पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, दर हंगामात बदला, काढलेल्या फिल्टरमधलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओतून थर दिसतो का पाहा. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवायचं नाही, काढून गाडीत वापरून टाका. इंधनाचे जुने पाइप बदला, बोटीसाठीच्या प्रतीचेच.

पूर्ण थ्रॉटलला इंजिन दम तोडत असेल तर टाकीच्या तोंडाशी एक छोटी स्प्रिंगवाली अँटिसायफन झडप असते, तीही पाहा. चिकटली की इंजिन उपाशी राहतं आणि लोक विनाकारण कार्ब्युरेटर खोलत बसतात.

वैनगंगाकाठ

अहवाल क्रमांक दोन. कोडं सुटलं.

इम्पेलर खरंच नवीन होता! विकणारा खोटं बोलला नव्हता. सगळ्या पाकळ्या शाबूत, रबर मऊ. मी हिरमुसलो, म्हटलं आता मॅनिफोल्ड. मग नांगरदादांना खासगी निरोप पाठवला, त्यांनी एका वाक्यात विचारलं: आधीच्या इम्पेलरच्या पाकळ्या कुठे गेल्या?

ड्राइव्हकडून आलेलं पाणी इंजिनात जाण्याआधी पॉवर स्टिअरिंगच्या छोट्या कूलरमधून जातं. त्याचा पाण्याचा होज काढला, आत टॉर्च मारला. बारीक तांब्याच्या नळ्यांच्या तोंडावर काळ्या रबराचे दोन तुकडे आडवे बसलेले, आणि त्यांच्यामागे जलपर्णीच्या मुळांचा आणि शंखल्यांच्या चुऱ्याचा बोळा. एक तुकडा वाकवलेल्या सायकलच्या स्पोकने निघाला. दुसऱ्यासाठी उलट्या दिशेने बागेच्या पाइपाचं पाणी मारलं, तो बंदुकीतून सुटावा तसा मामांच्या धोतरावर आला.

मुठाकाठ

म्हणजे जुना इम्पेलर कधीतरी कोरडा फिरून तुटला, यांनी नवीन टाकला आणि तुकडे आतच सोडून दिले. वा! खऱ्या अर्थाने जुनं दुखणं.

नांगर_टाका

अगदी हेच. दहापैकी चार बोटींत हे सापडतं असं म्हटलं तरी चालेल. आता थर्मोस्टॅटचं घरही उघडून पाहा, बारीक तुकडे तिथपर्यंत पोचलेले असू शकतात. आणि तुकड्यांना आकार जुळवून पाहा, आणखी एखादी पाकळी बेपत्ता नाही ना.

जमिनीवर इंजिन चालवताना फटींवर रबरी कानटोप्या लावून नळ सुरू केल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. ‘फक्त आवाज ऐकू’ म्हणून अर्धा मिनिट कोरडं चालवलं तरी नवा इम्पेलर जातो. बहुधा तुमच्या बोटीचं तेच झालं होतं.

वैनगंगाकाठ

थर्मोस्टॅटच्या घरात पाकळीचा एक कोपरा सापडला, आता हिशोब पूर्ण जुळतो. कालच्या चाचणीत पूर्ण वेगाने पलीकडच्या काठापर्यंत गेलो, काटा हलला नाही. गिंबल बेअरिंग आणि तिन्ही बेलोज मागवले आहेत. अलाइनमेंट बार स्पॅनर१४ यांनी त्यांच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून करून दिला. ट्रेलरची दोन्ही बाजूंची बेअरिंगं वाडीत बदलली, डावीकडच्या हबमध्ये अक्षरशः चिखल होता.

आणखी एक. ड्राइव्हवरचे अॅनोड, म्हणजे गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे, पांढऱ्या कवचाने झाकलेत. झिजलेले मात्र नाहीत. हे चांगलं ना?

नांगर_टाका

वाईट. अॅनोड झिजला पाहिजे, तेच त्याचं काम. तुमच्याकडे समुद्रातले जस्ताचे आहेत, गोड्या पाण्यात त्यांच्यावर कवच धरतं आणि ते काम करेनासे होतात. मग झिजतो तो ड्राइव्हचा अॅल्युमिनियमचा पाय. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे लावा. कधी कोकणात परत न्यायची असेल तर अॅल्युमिनियमचे दोन्हीकडे चालतात. त्यांच्यावर रंग मारू नका, आणि बसवण्याआधी मागची जागा घासून धातू उघडा करा.

चिंतामणी

कागदपत्रांचंही पाहा बरं. पाहुण्यांना बसवणार आहात. इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ प्रमाणे यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते, जलाशयासाठी जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी, आणि ट्रेलरची आरटीओ नोंदणी आणखी वेगळी.

वैनगंगाकाठ

बोटीची आणि परवानगीची फाइल मामांनी आधीच दिली आहे. ट्रेलरची कागदं मूळ मालकाच्या नावावर आहेत, त्याच्या बदलीचं काम सुरू आहे.

घाटावरचा

माझ्याकडे दोन स्ट्रोकचं जुनं आउटबोर्ड (पूर्ण बाहेरचं इंजिन) आहे, गरम झालं की बंद पडतं, थंड झालं की चालू. यातलं किती लागू पडेल?

नांगर_टाका

कमी. दोन स्ट्रोकला आधी कॉइल आणि इंधनाचा पंप बघावा लागेल. मॉडेल, वर्ष आणि बंद पडताना झटकन पडतं की गुरगुरत, एवढं लिहून वेगळा धागा काढा, तिथे येतो.

तर्रीपोहे

वैनगंगाकाठ भाऊ, दिवाळीत कोणत्या तारखेले येऊ? सावजी मी घेऊन येतो, लाइफ जॅकेट मोठ्या साइजचं ठेवजो.